माह्या आंगावर

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी पट्टेबहादूर मॅडमचं नाव सांगतो. आईबापाचं नाव आधी यायला हवं, हे मला कळतं. पण माझे वडीलच म्हणतात, "आमी तुले मालेगावपर्यंत आनून सोडलं. पुढं नेलं त्या मॅडमनं." वडील शेलूबाजार ते मालेगाव जीप चालवतात. कोण कुणाला कुठपर्यंत सोडतो, हे त्यांना बरोबर कळतं.

मॅडम आमच्या मालेगावच्या, म्हणजे वाशिमजवळच्या मालेगावच्या, कॉलेजात ग्रंथपाल होत्या. वर्गात त्यांनी मला एक अक्षर शिकवलं नाही, कारण ग्रंथपालाला वर्गच नसतो. ग्रंथालय म्हणजे तरी काय, कॉलेजच्या मागच्या बाजूची एक लांबट खोली, लोखंडी कपाटं, दोन टेबलं, आणि उन्हाळ्यात पाणी संपलं की नुसता आवाज करणारा एक कूलर. पण फरशी स्वच्छ असायची. इतकी स्वच्छ की पहिल्या वर्षाला असताना मी दारातच अडकलो. चपला काढायच्या की तसंच आत जायचं, हे ठरेना. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे असली गोष्ट कुणाला विचारून येण्याचीही सोय नव्हती. मी चौकटीला टेकून उभा राहिलो. आतून आवाज आला,

"काहून रे, चौकट पडून राह्यली का? टेका कायले देऊन राह्यला?"

मी चपला हातात घेऊन आत गेलो. मॅडमनी त्या चपला पाहिल्या आणि पाहिल्याच नाहीत असं केलं.

"नमस्ते मॅडम."

"जयभीम. बोल, कोनतं पुस्तक पायजे?"

"मराठी व्याकरणाचं. पन मी अनामत भरली नाई. बाबू म्हंते, कार्ड भेटनार नाई."

"पुस्तक तुले वाचाचं हाये का बाबूले?"

"मले."

"मंग घिऊन जाय. माह्या आंगावर."

हा शब्द पुढे मी इतक्यांदा ऐकला की तो ग्रंथालयशास्त्रातलाच शब्द आहे, असं मला बरेच दिवस वाटत होतं. ज्याच्याकडे कार्ड नाही, ज्याच्या कार्डावरची पुस्तकं संपली आहेत, ज्याची परीक्षा जवळ आली आहे आणि मुदत संपली आहे, ज्या मुलीचं कॉलेज सुटून लग्न ठरलं आहे आणि तरी तिला वाचायचं आहे, अशा सगळ्यांना मॅडम पुस्तक अंगावर द्यायच्या. म्हणजे ते कुठे लिहायचं नाही. विचारलं कुणी, तर ते मॅडमनी नेलं आहे. जबाबदारी त्यांची. घेणाऱ्यानं फक्त वाचायचं आणि आणून द्यायचं. बहुतेक जण आणून द्यायचे.

मॅडम मुलांना नावानं हाक मारत नसत. जो जे पुस्तक आधी घेईल, ते त्याचं नाव. आमच्यात एक 'भूगोल' होता, एक 'अकाउंटन्सी' होता, आणि बाजूच्या खेड्यातून सायकलवर येणारी एक बारकी मुलगी 'जागतिक इतिहास' होती. मी 'व्याकरण'. भर बाजारात, भाजीच्या गाड्यावरून सुद्धा हाक यायची, "ए व्याकरण! वांगे चांगले हायेत का रे यायचे?" सुरुवातीला लाज वाटायची. नंतर कुणी गजानन म्हटलं तर चुकल्यासारखं वाटायचं.

ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी नव्हती. कुणी फार बोलायला लागलं की मॅडम उठायच्या, माठातलं पाणी स्टीलच्या ग्लासात भरायच्या आणि बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवायच्या. "पी." त्यानं पिऊन ग्लास ठेवला की दुसरा भरायचा. तिसऱ्या ग्लासाला भलाभला गप्प व्हायचा. एकदा संस्थेचे कुणी पदाधिकारी आले होते आणि फोनवर मोठमोठ्यानं बोलत होते. त्यांच्याही पुढ्यात ग्लास आला. त्यांना वाटलं, पाहुणचार आहे. ते "धन्यवाद, धन्यवाद" म्हणत प्यायले आणि मॅडम दुसरा ग्लास घेऊन तयार. आम्ही कपाटामागे तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो.

आणि किल्ली. ग्रंथालयाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची, पांढऱ्या नाडीत ओवून निऱ्यांजवळ खोचलेली. लग्नात, मयतीत, सुट्टीत, कुठेही. बोलता बोलता त्यांचा हात तिथे जायचा आणि परत यायचा. त्या किल्लीची गोष्ट मला ऑफिसातल्या राऊत बाबूंनी सांगितली. मॅडम नवीन लागल्या तेव्हा किल्ली ऑफिसात राहायची आणि सकाळी ती द्यायला रोज कुणीतरी विसरायचं. एक जुने सर तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "यायच्या हातात किल्ली देनं म्हंजे पुस्तकं गेलीच समजा." यायच्या म्हणजे यांच्या, आणि यांच्या म्हणजे कुणाच्या, ते सांगायची गरज नव्हती.  मॅडमनी बंद दारासमोर एक स्टूल टाकलं आणि व्हरांड्यातच पुस्तकं परत घ्यायला सुरुवात केली. दारापुढे पुस्तकांचा ढीग वाढत गेला. शेवटी तेव्हाच्या प्राचार्यांनी स्वतः येऊन किल्ली त्यांच्या हातात दिली.

"तवापासून कमरेले हाये," राऊत बाबू म्हणाले. "झोपतानी काढते का नाई, कोनाले मालूम."

मी बी.ए. झालो, पुढे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. तो विषय आहे हे सुद्धा मला मॅडमनीच सांगितलं होतं. मग अकोल्याच्या एका एजन्सीत लागलो. कॉलेजांची ग्रंथालयं मोजून द्यायची, हे आमचं काम. हातात मावेल एवढं बारकोड स्कॅनर असतं. पुस्तकावरच्या काळ्या रेघांच्या स्टिकरसमोर धरायचं, बटण दाबायचं. लाल रेघ पडते, 'टिव' असा आवाज होतो आणि पुस्तकाचा नंबर मशीनच्या पोटात जातो. अशी कपाटामागून कपाटं. शेवटी ते कंप्युटरला जोडलं की तीन याद्या पडतात. कपाटात सापडलं ते 'उपलब्ध'. कुणाच्या कार्डावर गेलं आहे ते 'वाटप'. आणि या दोन्हींत नाही ते 'गहाळ'.

आमच्या कॉलेजात मूल्यांकनाची समिती येणार होती. एजन्सीच्या कामांत मालेगावचं नाव दिसल्यावर ते काम मी मागून घेतलं. मॅडम त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. त्यांच्या हातचं ग्रंथालय मी मोजून द्यावं, आणि व्याकरणाचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहावं, एवढंच मनात होतं.

मे महिना होता, मुलं सुट्टीवर. मला पाहून मॅडम दारातच हसल्या.

"हे काय रे व्याकरण, पिस्तूल घिऊन आला? मॅडमले माराले?"

मी एक पुस्तक वाजवून दाखवलं.

"अरे, हे तं चिमनीवानी बोलते," त्या म्हणाल्या.

पहिले दिवस फार चांगले गेले. त्या फडकं घेऊन पुढे, मी चिमणी घेऊन मागे. आमच्याकडच्या उन्हानं जुन्या स्टिकरचा गोंद सुटलेला असतो. असं पुस्तक आलं की आतला शिक्का पाहायचा, माझ्याजवळच्या लहान प्रिंटरवर त्या नंबरचं नवं स्टिकर छापायचं आणि चिकटवायचं. मॅडम ते अंगठ्यानं असं दाबायच्या, जसं लेकराच्या कपाळाला गंध लावावं. मध्येच विचारायच्या, "काय म्हंते चिमनी?" मी म्हणायचो, "हाये म्हंते." की त्या खूश.

शेवटचं कपाट झालं आणि मी मशीन जोडलं. 'गहाळ' ही यादी पडद्यावर खाली सरकत गेली, सरकत गेली, आणि थांबेना.

पूर्वी ही पडताळणी हातानं व्हायची. राऊत बाबू नंबर पुकारायचे आणि मॅडम कपाटात पाहायच्या. पुस्तक असलं की म्हणायच्या "हाये". कार्डावर गेलं असलं की "कार्ड". आणि तिसरा शब्द "आंगावर". राऊत बाबू तिन्ही शब्दांना सारखीच बरोबरची खूण करायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. माणसाला तो शब्द कळत होता. मशीनला कळला नाही.

प्राचार्य नवीन होते, पण वाईट नव्हते. यादी हातात घेऊन ते म्हणाले, "मॅडम, एवढी पुस्तकं गहाळ?"

"गहाळ नाई, सर. आंगावर हायेत."

"त्यात तसा कॉलम नाही, मॅडम."

"मंग काडा ना तसा कॉलम."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. असा कॉलम काढता येत नाही. मॅडमच्या स्वतःच्या कार्डावर चढवावीत म्हटलं, तर त्या कार्डालाही मर्यादा होती. मोजक्या पुस्तकांनंतर कंप्युटर नाही म्हणायचा. प्राचार्यांनी मुदत दिली. समितीच्या आधी जेवढी येतील तेवढी पुस्तकं परत आणा, राहिली तर चौकशी बसेल, आणि चौकशी असेपर्यंत निवृत्तीच्या कागदांना लागणारा नादेय दाखला, म्हणजे काही देणं बाकी नाही असा कागद, देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझाही नाइलाज आहे."

व्हरांड्यात आल्यावर मॅडम म्हणाल्या, "दाखला नाई भेटला तं चालन मले. पन तो सर अजून जिता हाये रे. रोज चौकात बसते. तो म्हनन, मी तवाच सांगतलं होतं. यायच्या हातात किल्ली देल्ली अन् पाहा." त्यांचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला.

मी विचारलं, "मॅडम, कोनाले काय देल्लं ते लिहून काहून नाई ठेवलं?"

"लिहिलं असतं तं पोट्ट्यायनं घेतलंच नसतं. त्याईले वाटलं असतं, आपलं नाव लागलं कुठंतरी." मग म्हणाल्या, "सारं ध्यानात राहीन असं वाटे मले. राह्यलं नाई."

त्या दिवसापासून मॅडमचं हसणं बंद झालं. त्या मला गजानन म्हणायला लागल्या. मोजून झालेली कपाटं पुन्हा मोजायला लावायच्या. "एकदा अजून वाजव गजानन, एखांदं मांगं पडलं असन." मी वाजवायचो. चिमणी तेच सांगायची. मॅडम काठी घेऊन कपाटांच्या मागे, खाली, भिंतीच्या फटीत शोधायच्या. केसांत जाळी, हात काळे. एकदा कपाटामागून खरंच एक पुस्तक निघालं, उंदरानं कडा कुरतडलेलं. ते छातीशी धरून त्या इतक्या घाईनं माझ्याकडे आल्या की पायरीला अडखळल्या. ते वाजलं. यादीतून एक नंबर कमी झाला. बाकीची यादी तेवढीच लांब होती.

मग त्या निघाल्या पुस्तकं मागायला. मी होतोच सोबत, कारण त्यांना एकटं सोडावंसं वाटत नव्हतं. वडिलांच्या जीपनं आधी शेलूबाजारला गेलो. 'अकाउंटन्सी'चं तिथे मोबाइलचं दुकान आहे. त्यानं खुर्ची पुसून दिली, थंड मागवलं, पाया पडला.

"मॅडम, ते पुस्तक? ते माह्या साडूच्या पोरानं नेलं. तो पुन्याले हाये आता. त्यानं बी पुढं कोनाले देल्लं वाट्टे. तुमचं पुस्तक लई फिरलं पाहा!" तो अभिमानानं सांगत होता. "नवं घिऊन देतो ना मी. एक काय, दहा घ्या."

"नवं नाई चालत, बापा. मशीनले तोच नंबर पायजे."

"मशीनले काय कराचं हाये जुन्या पुस्तकाचं?"

 थंडाची बाटली तशीच ठेवून मॅडम उठल्या. दुसऱ्या एका घरी कुणी ओळखच दिली नाही. तिसऱ्या घरचा मुलगा नोकरीला लागून गाव सोडून गेला होता, आणि त्याची आई मॅडमचे हात धरून बराच वेळ त्याच्या पगाराचं, खोलीचं सांगत राहिली. पुस्तकाचं विचारायचं मॅडमनी तिथे टाळलं.

अनसिंगला वंदनाताई सापडल्या. कॉलेजातल्या जुन्या विद्यार्थिनी, पोलीस भरतीची तयारी करायच्या. भरती झाली नाही, लग्न झालं. ओसरीवर गल्लीतल्या पोरांची शिकवणी चालली होती आणि कोपऱ्यात त्यांची नणंद तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत बसली होती. तिच्या मांडीवर आमचं गणिताचं पुस्तक होतं. आमच्या कॉलेजचा निळा शिक्का मला लांबूनच दिसला.

मॅडमनी कसंबसं सांगितलं. वंदनाताई ताडकन उठल्या.

"अवो मॅडम, तुमी कायले आल्या एवढ्या उन्हात? सांगावा धाडला असता तं म्या आनून देल्लं असतं!"

त्यांनी नणंदेच्या हातून पुस्तक घेतलं, पदरानं पुसलं आणि मॅडमच्या हातात दिलं. नणंदेनं खुणेसाठी केसांचा आकडा पानात खोचला होता, तो तसाच आत राहिला.  मोकळ्या झालेल्या हातांचं काय करायचं ते न कळून तिनं ते मांडीवर ठेवले.

मॅडमनी पुस्तक घेतलं. "राहू दे" हे शब्द त्यांच्या तोंडाशी आलेले मी पाहिले. पण त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि वाशिम येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ते वाजवायला घेतलं. उघडताना आकडा टेबलावर पडला. टिव. पडद्यावर आलं, 'उपलब्ध'.

"काय म्हंते?" मॅडमनी विचारलं.

"सापडलं म्हंते."

त्यांनी आकडा उचलला आणि शोधून त्याच पानात परत खोचला. म्हणाल्या, "सापडलं नाई रे हे. आज हरवलं."

त्यानंतर त्या कुणाकडे पुस्तक मागायला गेल्या नाहीत.

मुदत संपत आली तेव्हा राऊत बाबू दुपारी ग्रंथालयात आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "गजानन, तुह्या जोळ स्टिकर छापाचं मशीन हाये ना?"

"हाये."

"गहाळचे नंबर कंप्युटरमधी हायेतच. सारे छाप. अन् कागदावरच वाजव. चिमनी काय पुस्तक उघडून पाह्यते का? मॅडम चालल्या घरी. इज्जतीनं जाऊ दे त्याईले."

ते खरं होतं. मशीनला फक्त रेघा लागतात. मागे पुस्तक आहे की नाही, हे ते विचारत नाही. मी मॅडमकडे पाहिलं.  कूलर कोरडा फिरत होता. मग त्या म्हणाल्या, "छाप."

मी छापायला लावलं. प्रिंटरमधून स्टिकरची पट्टी निघत राहिली, टेबलावरून खाली आली, फरशीवर तिची वेटोळी पडली. मॅडमनी तिचं टोक उचलून माझ्यासमोर धरलं. 

"वाजव."

टिव. 'उपलब्ध.' ते अर्थशास्त्राचं एक पुस्तक होतं. समोरच अर्थशास्त्राचं कपाट होतं आणि त्यात दोन पुस्तकांमध्ये बोटभर रिकामी जागा होती. मॅडम त्या जागेकडे पाहत राहिल्या. मी दुसरं स्टिकर घेतलं, इतक्यात त्यांनी तळहात मध्ये घातला. लाल रेघ त्यांच्या हातावर पडली. चिमणी वाजली नाही.

"थांब. हे 'हाये' म्हनून लागलं, अन् जूनमधी एखांदं पोट्टं हे पुस्तक मांगाले आलं, तं मी काय देऊ त्याले? ही पट्टी?"

"मॅडम, जूनमधी तुमी नसान इथं," राऊत बाबू म्हणाले.

"मी नसन. पोट्टं तं येईन ना?" त्या म्हणाल्या. "गहाळ लिहिलं तं कॉलेज नवं मांगवते. हाये म्हटल्यावर कोन मांगवन? वाजलं ते काढून टाक गजानन. गहाळमधी टाक."

राऊत बाबू चिडले. "तुमाले समजून राह्यलं का तुमी काय करून राह्यल्या? तुमच्या नावावर चोरी लागन, मॅडम!"

"समजते."

त्यांनी फरशीवरची पट्टी गोळा केली, मुठीत चुरगाळली आणि टोपलीत टाकली. मग ग्लासभर पाणी राऊत बाबूंच्या पुढ्यात ठेवलं. त्या वेळी कुणालाच हसू आलं नाही. राऊत बाबू पाणी प्यायले आणि डोळे पुसत बाहेर गेले.

अंतिम यादीखाली सही करताना मॅडमनी शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'वरील सर्व पुस्तके माझ्या अंगावर.' प्राचार्यांनी तो कागद परत पाठवला. असा शेरा नियमात बसत नाही, गहाळ असंच लिहावं लागेल. मॅडमनी दुसऱ्या कागदावर तसं लिहिलं. मुलांसाठी घेतलेला 'अंगावर' हा शब्द शेवटी असा त्यांच्याच अंगावर आला.

चौकशी बसली. निरोप समारंभ झाला नाही. चौकशी चालू असताना तो करत नाहीत, असं सांगण्यात आलं. जुने सर चौकात काय म्हणाले ते माझ्याही कानावर आलं. ते मी इथे लिहिणार नाही.

ज्या दिवशी मॅडम निवृत्त झाल्या, त्या दिवशी मी अकोल्याहून मुद्दाम गेलो. पोहोचेपर्यंत त्या ऑफिसात किल्ली देऊन निघून गेल्या होत्या. नाडीसकट दिली, असं राऊत बाबू म्हणाले. मी बसस्टँडवर धावलो. त्या वाशिमच्या बसची वाट पाहत उभ्या होत्या. बहिणीकडे जायचं होतं. जवळ एक कापडी पिशवी, बाकी काही नाही.

"गजानन, तू कायले आला?"

 मग त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली, नोकरीचं विचारलं. बोलता बोलता त्यांचा हात कमरेकडे गेला, तिथे काही सापडलं नाही, आणि परत आला. पुन्हा गेला. बस आली. त्या चढल्या आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या, म्हणून मला फक्त पाठ दिसली, आणि एकदा त्यांचा कोपर हलला. हात पुन्हा तिथेच गेला असावा.

त्यानंतर मी कितीदा तरी फोन केला. मग त्यांच्या बहिणीच्या पत्त्यावर हे पत्र पाठवलं.

आदरणीय मॅडम,

जयभीम.

फोन लागतो पण तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहीत आहे. चौकशी अजून संपलेली नाही. मी स्वतः चौकशी समितीपुढे जाऊन 'अंगावर' म्हणजे काय ते सांगितलं. माझं उदाहरण दिलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण लिहून घेतलं नाही. राऊत बाबू फाइलवर लक्ष ठेवून आहेत.

गहाळ यादीतली काही पुस्तकं कॉलेजनं नवीन मागवली. पहिला गठ्ठा आला आहे. त्यात अर्थशास्त्र आहे. तुम्ही म्हणाल्या तसा एक मुलगा ते मागायला आला होता आणि त्याला ते मिळालं. हे तुम्हाला कळावं म्हणून मुख्यतः हे पत्र.

दुसरं म्हणजे मी माजी विद्यार्थी म्हणून ग्रंथालयाचं कार्ड काढलं. या वेळी अनामत भरली. त्या कार्डावर गणिताचं ते पुस्तक घेतलं आणि अनसिंगला नेऊन दिलं. आकडा तुम्ही खोचलेल्या पानातच होता. नणंदेनं पुस्तक घेतलं आणि तिथूनच पुढे वाचायला लागली, माझ्याशी बोललीही नाही. वंदनाताई म्हणाल्या, "मॅडमले सांगजा, आमाले राग नाई."

कंप्युटरात ते पुस्तक आता 'वाटप'मध्ये दिसतं. परत करायची तारीख आली की मी मालेगावला जाऊन मुदत वाढवून घेतो. तिची परीक्षा होईपर्यंत वाढवीन. तिनं ते पुढे कुणाला दिलं तर तोपर्यंतही वाढवत राहीन. काळजी करू नका. ते माह्या आंगावर हाये.

मॅडम, एकदा फोन उचला. बोलावंसं वाटत नसेल तर बोलू नका. चिमनी काय म्हंते, एवढंच विचारा.

तुमचा,
व्याकरण